मंगळावरच्या कुटुंबाची शेती खरी वाटायची असेल, तर आधी माती घडवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "बारा ते सोळा वयाच्या वाचकांसाठी मी एक विज्ञान कादंबरी लिहितेय. आई, बाबा, मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा असं कुटुंब दुसऱ्या ग्रहावर जागा घेऊन शेती करायला जातं. अमेरिकी विज्ञानकथालेखक रॉबर्ट हाइनलाइन यांच्या 'फार्मर इन द स्काय' या कादंबरीप्रमाणे त्यांना गुरूच्या गॅनिमीड या उपग्रहावर न्यावं की मंगळावर? तिथली शेती कितपत खरी दाखवता येईल? पहिल्याच हंगामात बटाटे निघाले असं दाखवलं तर चालेल का?"

माझं काम माती परीक्षणाचं आणि क्षारपड जमिनी सुधारण्याचं. त्यामुळे उत्तर मातीच्या बाजूनेच देते. कुटुंबाला मंगळावर न्या. पहिल्या हंगामात बटाटे खुशाल निघू द्या, पण ते पाण्यावर, म्हणजे मातीशिवाय, अन्नद्रव्यं मिसळलेल्या पाण्यात वाढवलेले असू द्या. खऱ्या मातीतलं पहिलं पीक हातात यायला तुमच्या नायिकेची किमान चार वर्षं जायला हवीत. हा आकडा मी हवेतून काढलेला नाही, खाली हिशेब देते. तो मांडला की कादंबरीचा निम्मा आराखडा आपोआप तयार होतो, असं मला वाटतं.

आधी गॅनिमीडचा विषय संपवू. ती कादंबरी 1950 सालची. पृथ्वीभोवतीचे किरणोत्सारी पट्टेसुद्धा तेव्हा माहीत नव्हते. ते सापडले 1958 मध्ये, आणि गुरूच्या पट्ट्यांतून पहिलं यान, पायोनियर 10, गेलं ते डिसेंबर 1973 मध्ये. गॅनिमीडवर उघड्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला दिवसाला सुमारे 80 मिलिसिव्हर्ट किरणोत्सार सोसावा लागेल, हा अंदाज त्यानंतरच्या मोजमापांतून आला. मंगळाच्या पृष्ठभागावर क्युरिऑसिटी यानाने मोजलेला आकडा दिवसाला 0.7 मिलिसिव्हर्टच्या आसपास आहे. शिवाय गॅनिमीडवर ऊन पृथ्वीच्या 4 टक्क्यांहूनही कमी पडतं. साडेतीन दिवस उजेड, मग साडेतीन दिवस अंधार. आणि खणावं तिथे बर्फ. शेतीला पाणी लागतं हे खरं, पण खनिजही लागतं, आणि ते मंगळावर पायाखालीच आहे.

तरी त्या पुस्तकातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथे जमीन मिळालेला माणूस दुसऱ्या दिवशी पेरणी करत नाही. आधी खडक फोडतो, त्याचा चुरा करतो, मग त्यात जिवंत मातीतले जिवाणू सोडतो आणि वाट बघतो. अवकाशावरच्या पुष्कळ कथांमध्ये यान, खिडकीतून दिसणारा ग्रह, वादळ हे सगळं असतं आणि शेती दोन ओळींत उरकलेली असते. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या त्या लेखकाने मुलांना पानंच्या पानं माती घडवायला लावली. तुम्हाला त्या पुस्तकाकडून काही घ्यायचंच असेल तर हे घ्या, गॅनिमीड तिथेच राहू द्या.

आता मंगळाची जमीन. तिथला पृष्ठभाग बहुतांशी बेसॉल्टचा आहे, आणि या बाबतीत मराठी वाचकाला काही परकं वाटण्याचं कारण नाही. आपलं दख्खनचं पठार सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचं, म्हणजे बेसॉल्टचंच. तो झिजून आपली काळी माती झाली. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी जी चिकणमाती तिच्यात असते, ती स्मेक्टाइट वर्गातली. याच वर्गातली चिकणमाती क्युरिऑसिटीला 2013 मध्ये गेल विवरात, एका प्राचीन तळ्याच्या गाळाच्या खडकात सापडली, आणि तीही खडकाच्या साधारण 20 टक्के. तुमच्या कुटुंबाला जागा निवडायचा हक्क असेल तर आईला अशा जुन्या तळ्याच्या काठाचा आग्रह धरू द्या. चिकणमाती अन्नद्रव्यं धरून ठेवते. नुसत्या वाळूसारख्या भुकटीत घातलेलं खत पाण्याबरोबर खाली निघून जातं. लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम तिथे आहेच, स्फुरद म्हणजे फॉस्फरसही चांगलं आहे. नाही तो सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत येणारा कार्बन. नत्र म्हणजे नायट्रोजन आहे पण नाममात्र, नायट्रेटच्या रूपात कुठेकुठे. आणि सजीव तर कुणीच नाही.

"पण बी रुजेल ना?" असा पुढचा प्रश्न येईल. रुजेल. बी स्वतःचा डबा बरोबर घेऊन येतं, सुरुवातीचे दिवस त्याला जमिनीकडून फारसं काही लागत नाही. फ्लोरिडा विद्यापीठातल्या ॲना-लिसा पॉल, रॉब फर्ल आणि स्टीफन एलार्डो यांनी 2022 मध्ये अपोलो मोहिमांनी आणलेल्या चंद्राच्या खऱ्या भुकटीत अरॅबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं छोटं रोप वाढवून दाखवलं. भुकटी होती अवघी 12 ग्रॅम, रोपामागे जेमतेम एक ग्रॅम. अन्नद्रव्यं वरून पाण्यातून दिलेली. बिया रुजल्या, पण पुढे रोपं खुरटली, आणि त्यांच्या जनुकांच्या हालचालीत क्षार व धातूंचा ताण सोसणाऱ्या झाडाची लक्षणं दिसली. नेदरलँड्समध्ये वाखेनिंगन इथे वीगर वामेलिंक यांनी 2013 पासून मंगळासारख्या भुकटीत पिकं घेतली. ती भुकटी हवाईतल्या ज्वालामुखीची होती. 2017 मध्ये त्यांनी तिच्यात डुकराचं खत मिसळून गांडुळं सोडली, तर गांडुळांना पिल्लं झाली. ही बातमी मी तेव्हा अनेकांना सांगितली होती, कारण गांडूळ वाढतं तिथे माती घडायला सुरुवात झालेली असते. फक्त त्या भुकटीत मंगळावरचं विष नव्हतं, ते ध्यानात ठेवायला हवं. त्याकडे येतेच.

आधी कर्बाचा हिशेब, कारण चार वर्षं तिथूनच येतात. चांगल्या कृत्रिम प्रकाशात एका माणसाचं पूर्ण अन्न पिकवायला 40 ते 50 चौरस मीटर जागा लागते. चौघांना 200 धरा. वाफे 30 सेंटिमीटर खोल, म्हणजे 60 घनमीटर भुकटी. वजनाने साधारण 78 टन. आपल्याकडे सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याखाली आला की मातीच्या अहवालात 'कमी' असा शेरा पडतो. कुटुंबाने 1 टक्का कर्ब गाठायचं ठरवलं तर त्यांना 780 किलो कर्ब मातीत मुरवावा लागेल. तो पृथ्वीवरून नेणं परवडायचं नाही. पण मंगळाची हवा 95 टक्के कार्बन डायऑक्साइड आहे, म्हणजे कर्ब आहे, फक्त तो झाडामार्फतच मातीत आणावा लागतो.

म्हणून पहिली पिकं पाण्यावरची. 200 चौरस मीटरवर रोज सुमारे 5 किलो कोरडं वजन तयार होतं असं धरू. निम्मं पोटात जातं आणि निम्मं काड, पाला, मुळं म्हणून उरतं. त्या अडीच किलोत 1 किलो कर्ब असतो. कंपोस्ट होताना त्यातला निम्मा पुन्हा हवेत जातो. हातात राहतो दिवसाला अर्धा किलो. 780 भागिले अर्धा म्हणजे 1,560 दिवस, चार वर्षं आणि वर तीन महिने. मंगळाचं वर्ष पृथ्वीच्या 687 दिवसांचं, त्यामुळे तिथल्या हिशेबाने सव्वादोन वर्षं. नायिका बारा वर्षांची असताना उतरली तर मातीतलं पहिलं खरं पीक काढताना ती सोळाची झालेली असेल. तुमच्या वाचकांचं वयही नेमकं एवढंच आहे. कादंबरीचा कालपट मला याहून चांगला सुचणार नाही.

घाईने हे वय कमी करू नका. एखादा वाफा आधी तयार करता येईल, आणि तसा तो करावाच, कारण सगळ्या 78 टनांना एकदम हात घालणारा माणूस शेतकरी नसतो. दोन-तीन चौरस मीटरचा पहिला वाफा दुसऱ्याच महिन्यात सुरू करा, आणि तो मुलीच्या ताब्यात द्या.

नत्राचं गणित याहून कडक आहे. मातीतल्या सेंद्रिय पदार्थात कर्बाच्या दहा-बारा भागांमागे एक भाग नत्र अडकून पडतं. 780 किलो कर्बाबरोबर जवळपास 70 किलो नत्र मातीत जाईल. एका माणसाच्या मूत्रातून वर्षाला साधारण 3 ते 4 किलो नत्र मिळतं. पण ते जेवणातूनच आलेलं असतं, त्याचा फेरा चालू राहतो, भर पडत नाही. भर घालायची तर मंगळाच्या हवेतून. तिच्यात नायट्रोजन आकारमानाने 3 टक्क्यांपेक्षाही कमी, आणि हवाच इतकी विरळ की दाब पृथ्वीच्या एक टक्काही नाही. 70 किलोसाठी सुमारे 4 टन हवा गाळावी लागेल, म्हणजे तिथल्या विरळपणात जवळजवळ 2 लाख घनमीटर. हवा दाबणारं यंत्र रात्रंदिवस चालणार. कुटुंबाची खरी श्रीमंती कुठल्या टाकीत आहे हे त्या यंत्राच्या आवाजावरून धाकट्या मुलालाही कळलेलं असेल. तो आवाज थांबला की घरातलं बोलणं थांबलं पाहिजे.

मग कडधान्यं आली. मुळांवरच्या गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू हवेतलं नायट्रोजन पिकाला मिळवून देतात. इथे तुमच्यासाठी एक तयार प्रसंग आहे. कडधान्यांच्या प्रत्येक गटाचा जिवाणू वेगळा. हरभऱ्याचं संवर्धक, म्हणजे पाकिटात मिळणारे त्याचे जिवाणू, सोयाबीनच्या बियाण्याला चोळून काही होत नाही. समजा पृथ्वीवर पाकिटांची अदलाबदल झाली. सोयाबीन उगवलं, महिन्याभरात पिवळं पडू लागलं. मंगळाकडे यानं पाठवायची सोय साधारण 26 महिन्यांनी येते, आणि वर प्रवासाचे काही महिने. नवीन पाकीट येईपर्यंत दोन पिकं वाया जाणार. आता मुलीने काय करावं? तिने रोपटं हळूच उपटावं, मुळं धुवावीत, गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी निघाली तर ती काम करतेय. पांढरट किंवा हिरवट निघाली तर नाही. आपल्याकडे कृषी सहायक शेतकऱ्याला बांधावर हेच करून दाखवतात. याला यंत्र लागत नाही, नख आणि नजर पुरते. गाठ नसलेली शेकडो मुळं बघून झाल्यावर बियाण्याबरोबर चुकून आलेल्या कणभर मातीमुळे एका कोपऱ्यातल्या रोपावर एक गुलाबी गाठ सापडली, आणि त्या एका रोपाच्या मुळांवरून तिने सगळ्या वाफ्यांसाठी जिवाणू वाढवले, हे शास्त्राला धरून आहे. विरजणाचा एक चमचा मिळाला की पातेलंभर दही लावता येतं, तसंच ते आहे.

आता विष. नासाच्या फिनिक्स यानाने 2008 मध्ये मंगळाच्या उत्तर ध्रुवाजवळच्या मैदानात परक्लोरेट हा क्षार शोधला, वजनाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. तो आयोडीनला थायरॉइड ग्रंथीत शिरू देत नाही, म्हणून मोठ्यांपेक्षा मुलांना आणि गरोदर बाईला त्याचा धोका जास्त. झाड पाण्याबरोबर तो वर खेचतं आणि पानांत साठवतं. त्यामुळे कच्च्या जमिनीतली मेथी किंवा पालक मुलांच्या ताटात वाढू नका. पालेभाजी पाण्यावरच्या वाफ्यातलीच असू द्या.

चांगली बाजू अशी की हा क्षार पाण्यात अगदी सहज विरघळतो, म्हणजे जमीन धुता येते. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात अति पाण्याने क्षार वर आलेल्या जमिनींवर आम्ही हेच करतो. शेतात चर काढून जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकायच्या, वरून गोडं पाणी सोडायचं, क्षार नळीतून बाहेर काढायचा. या कामात नवखा माणूस पाण्याचा विचार करतो आणि जाणता माणूस निचऱ्याचा. धुतलेला क्षार जाणार कुठे, हे आधी ठरलं पाहिजे. आपल्याकडे तो ओढ्याला, नदीला मिळतो, आणि खालच्या गावाचं काय हा प्रश्न उरतोच. मंगळावर तर ओढाच नाही. धुण्याचं पाणी ऊर्ध्वपातन करून परत मिळवावं लागेल आणि तळाशी दाट क्षारपाणी साचत जाईल. 78 टन भुकटीतून सुमारे 390 किलो परक्लोरेट निघेल.

कथेसाठी हे टाकाऊ क्षारपाणी फार कामाचं आहे. परक्लोरेटच्या वजनात जवळपास दोन-तृतीयांश ऑक्सिजन असतो. 390 किलोतून सुमारे 250 किलो ऑक्सिजन काढता येईल, तापवून किंवा परक्लोरेट खाणाऱ्या जिवाणूंकडून. एक माणूस दिवसाला 0.84 किलो ऑक्सिजन वापरतो. चौघांना तो अडीच महिने पुरेल. दुसऱ्या बाजूला, परक्लोरेट सुकून काडाकचऱ्यात मिसळला तर भयंकर पेट घेतो. रॉकेटच्या घन इंधनात त्याचाच एक भाऊबंद वापरतात. म्हणजे घरामागच्या एका टाकीत विष, आग आणि श्वास तिन्ही आहेत. ती टाकी पहिल्या काही प्रकरणांतच दाखवून ठेवा.

तिची गरज कधी पडेल तेही सांगते. अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये 'बायोस्फिअर 2' नावाच्या बंद काचघरात 26 सप्टेंबर 1991 पासून आठ माणसं दोन वर्षं राहिली. साधारण अर्ध्या एकरावर त्यांनी आपल्या अन्नाचा मोठा भाग पिकवला. पण हवेतला ऑक्सिजन 20.9 टक्क्यांवरून सोळा महिन्यांत 14.5 टक्क्यांपर्यंत उतरला. माणसांना जिने चढताना धाप लागू लागली, आणि जानेवारी 1993 मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. कारण माती. त्यांनी कंपोस्ट भरपूर घातलेली सुपीक माती भरली होती. तिच्यातले जिवाणू सेंद्रिय पदार्थ खात होते आणि माणसांसारखाच ऑक्सिजन घेत होते. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या भिंती शोषत होत्या, त्यामुळे हिशेब लवकर लागेना.

आपल्या कुटुंबाचं कंपोस्ट रोज अर्धा किलो कर्ब जाळतं, त्याला 1.3 किलो ऑक्सिजन लागतो. दीड माणसाचा श्वास. पिकं हिरवी आहेत तोवर काळजी नाही, तीच तो परत देतात. पण रोग आला, गहू बसला, तर ऑक्सिजन देणारं कमी होतं आणि मेलेलं पीक कंपोस्टच्या ढिगावर जाऊन खाणारं वाढतं. दोन्ही बाजूंनी मार. रोगाची कल्पना काल्पनिक ठेवायची गरज नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर 2015 च्या अखेरीस लावलेल्या झिनियाच्या रोपांना फ्युजॅरियम बुरशी लागली होती. पंखा कमी पडला, पानांवर ओल राहिली, बुरशी वाढली. पृथ्वीपासून चारशे किलोमीटरवर जे झालं ते मंगळावरही होईल.

अशा वेळी कुटुंबाने काय करायचं हे जाणकाराच्या नजरेने लिहा. जीव वाचवायचा तर ढीग गार करायचा आणि सुकवायचा, म्हणजे जिवाणू मंदावतात. पण ढीग गोठवला तर चार वर्षांची कमाई असलेली गांडुळं मरतात. मला या कादंबरीचा मध्यबिंदू इथे दिसतो. बाबा म्हणतील, ढीग गोठवा. मुलगी म्हणेल, क्षारपाण्याची टाकी तापवू. दोघांचंही म्हणणं खरं आहे. पृथ्वीवरच्या तज्ज्ञाला विचारावं तर निरोप एका बाजूने पोचायला 3 ते 22 मिनिटं लागतात. विचारता येईल, पण हात धरून कुणी शिकवणार नाही.

पाण्याबद्दल एक गोष्ट लेखकांच्या हातून नेहमी सुटते. मंगळाचं गुरुत्व पृथ्वीच्या 38 टक्के. मातीच्या बारीक छिद्रांत पाणी वर धरून ठेवणारं बल तेवढंच राहतं, खाली ओढणारं मात्र कमी होतं. पृथ्वीवर वाफ्याच्या तळाशी 5 सेंटिमीटरचा थर चिंब राहत असेल तर तिथे तो 13 सेंटिमीटरचा होईल. 30 सेंटिमीटरच्या वाफ्यात जवळपास निम्मी मुळं पाण्यात गुदमरतील. वरून माती कोरडी दिसते म्हणून धाकटा अजून पाणी घालतो आणि रोप अजून सुकतं, असा एक प्रसंग जरूर लिहा. वाफसा येऊ द्यायचा तर तळाच्या सच्छिद्र नळीला पंपाने सौम्य ओढ द्यावी लागते, आणि भुकटीत मोठे रवे मिसळावे लागतात. अवकाश स्थानकावरही झाडं भाजलेल्या चिकणमातीच्या रव्यांत वाढवतात. तुमच्या कुटुंबाकडे चिकणमाती आहे आणि भट्टी आहे, तेव्हा रवे भाजणं हे घरातलं रोजचं काम होऊ द्या. कमी गुरुत्वाची दुसरी गंमत हातगाडीची. भरलेली गाडी ढकलायला लागताना हलकी वाटते, पण तिचं वस्तुमान तेवढंच असतं. वेगात आली की थांबत नाही. 78 टन वाहताना कुणाचा तरी पाय किंवा एखादा दरवाजा त्यात सापडणारच.

धाकट्याला लहान काम देऊ नका. भोपळ्याला नर आणि मादी फुलं वेगळी येतात, मधमाशी नसेल तर सकाळी फूल उमललेलं असतानाच परागकण हाताने लावावे लागतात. एक सकाळ चुकली तर ते फूल गेलं. नऊ वर्षांच्या मुलाच्या बोटांना हे मोठ्यांपेक्षा चांगलं जमतं. कुटुंबाच्या भाजीची जबाबदारी खरोखर त्याच्यावर आहे हे वाचणाऱ्या मुलाला कळलं पाहिजे.

बाहेरच्या देखाव्यावर फार पानं खर्च करू नका. घर आणि वाफे जमिनीखाली किंवा मातीच्या जाड आवरणाखाली असतील, किरणांमुळे आणि थंडीमुळे. उजेड दिव्यांचा असेल. 2018 सारखं ग्रहभर पसरणारं धुळीचं वादळ आलं तर सौर पट्ट्यांची वीज जाते (ऑपॉर्च्युनिटी यानाचा शेवटचा निरोप त्याच वादळात आला). पण तिथली हवा इतकी विरळ आहे की वारा घर उडवून नेत नाही. घातक काय, तर अंगरख्यावर चिकटून घरात येणारी परक्लोरेटची धूळ. बाहेरचे पोशाख बाहेरच ठेवायची शिस्त आई घालून देईल आणि तीच एकदा मोडली जाईल.

जमिनीच्या मालकीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. अमेरिकेच्या 1862 च्या होमस्टेड कायद्याने माणसाला 160 एकर मिळत, पाच वर्षं राहून कसल्यावर ती त्याच्या नावावर होत. या सगळ्या कथांचा साचा तिथून आला. त्या 160 एकरांवर आधी मूळ अमेरिकी जमाती राहत होत्या, हे त्या साच्यात क्वचित येतं. मंगळावर कुणाला हुसकावायचं नाही. पण 1967 च्या अंतराळ करारानुसार कुठल्याही देशाला तिथल्या जमिनीवर सार्वभौम हक्क सांगता येत नाही, मग सातबारा द्यायचा कुणी? शिवाय 160 एकर उघडी भुकटी घेऊन करायचं काय? माझा सल्ला असा की त्या वस्तीत मालकी जमिनीची नसून घडवलेल्या मातीची असू द्या. शेजारी नवं कुटुंब उतरलं आणि त्यांनी दोन बादल्या जिवंत माती मागितली, तर द्यायची की नाही? दोन बादल्या म्हणजे तुमच्या मुलीची मेहनत. हा प्रश्न सोळा वर्षांच्या वाचकाला नीट विचार करायला लावेल.

लिहायला बसण्यापूर्वी एक प्रयोग घरी करा. जवळच्या खडी क्रशरवरून पोतंभर भुकटी आणा, आपल्याकडे ती बहुधा बेसॉल्टचीच असते. तीन कुंड्या घ्या. एकीत नुसती भुकटी, दुसरीत भुकटी आणि पाण्यातून विद्राव्य खत, तिसरीत भुकटीच्या एक-चतुर्थांश चांगलं गांडूळखत आणि त्यातली दोन-चार गांडुळं. तिन्हींत मेथी पेरा. पहिल्या आठवड्यात तिन्ही सारख्या दिसतील आणि तुम्हाला वाटेल मी उगाच घाबरवलं. थांबा. पाणी दिल्यावर पहिल्या कुंडीत वर कसा घट्ट पापुद्रा धरतो ते बोटाने तपासा. दुसरीतली रोपं हिरवी राहतील, पण खत एकदा चुकवून बघा. तिसरीतली भुकटी महिन्या-दोन महिन्यांनी मुठीत दाबा, ती रवाळ होऊन सुटायला लागलेली असेल, आणि ओली केल्यावर पहिल्या पावसाचा वास येईल. तो वास मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंचा असतो. नुसत्या भुकटीला तो येत नाही. तुमची नायिका आपल्या वाफ्याजवळ पहिल्यांदा कधी वाकून वास घेते, ते प्रकरण ही कुंडी हुंगल्यावरच लिहा. भुकटी चाळताना मात्र नाकातोंडाला मास्क लावा, घरात लहान मुलं असतील तर चाळण्याचं काम अंगणात करा, आणि ती मेथी खाऊ नका, क्रशरच्या भुकटीत यंत्राचं तेल मिसळलेलं असू शकतं.